हात नव्हे, पाटी वळवा

(केंद्रातील शिक्षक व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानावरून)



पहिलीच्या वर्गातील एका मुलीची हकिकत प्रथम सांगतो. गोष्टी सांगण्यात ती सर्वांच्या पुढे, परंतु पाटी समोर आली की हात मांडीखाली दडवून बसे. चौकशी केली तेव्हा कळले की, तिने डाव्या हाताने लिहू नये म्हणून घरी तिच्या त्या हाताला रुमाल बांधीत असत. बाईही पेन्सिल काढून उजव्या हातात देत. मुलगी मंद आहे, असा शेरा प्रगतिपत्रकावर येण्यास एवढे पुरेसे होते.

सर्वसाधारणपणे दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन डावखुरी मुले असणे स्वाभाविक होय. डावखुरेपणा ही खोड नव्हे की हट्ट नव्हे. त्याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे. बळजबरीने हात बदलल्यास मूल उजव्या हाताने लिहू लागते, परंतु त्याचा डावखुरेपणा जात नाही. लेखनाची गती आणि गोडी मात्र पुष्कळदा जाते.

'डावा' म्हणजे कमी प्रतीचा, हा समज आपल्या भाषेतही मुरला आहे. 'डावलणे' हा शब्द त्याच कुळातला. जेवताना, प्रसाद घेताना उजवा हात पुढे करावा, ही घराघरातील रीत आहे. तिच्याशी आपला वाद नाही. पण जेवणाची रीत लेखणीला लावण्याचे कारण नाही. १९०९ साली 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना गांधीजींचा उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. त्या हस्तलिखिताची सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत. गांधीजी डावखुरे नव्हते. परंतु डाव्या हाताच्या लेखनात त्यांना काही उणे वाटले नाही, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष अध्यापनाकडे वळू. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात अक्षरांपासून दूर सरकतो, तर डावखुऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून फिरतो. अक्षरे झाकली जातात, पाटीवरची पुसली जातात, शाई फिसकटते. हे टाळण्यासाठी मूल मनगट आकड्यासारखे वाकवून ओळीच्या वरून लिहू लागते आणि लवकर दमते. यावर उपाय साधे व बिनखर्चाचे आहेत.

पाटी किंवा वही शरीराच्या मध्यापासून किंचित डावीकडे ठेवावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडी तिरपी करावी, म्हणजे वरचा उजवा कोपरा खाली येईल. हात ओळीच्या खाली राहावा आणि मनगट सरळ असावे. पेन्सिल टोकापासून तीन-चार सेंटिमीटर वर धरावी, म्हणजे लिहिलेले अक्षर दिसत राहील. मुलाला बाकाच्या डाव्या टोकास बसवावे. मग शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर आदळत नाही. उजेड उजवीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

कित्ता बहुधा पानाच्या डाव्या कडेला असतो आणि तोच या मुलाच्या हाताखाली झाकला जातो. तो ओळीच्या वर किंवा उजव्या कडेला लिहून द्यावा. काना वरून खाली काढण्याची सवय सर्वांसारखीच लावावी. मात्र डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढताना या मुलाला पेन्सिल ढकलावी लागते. ती त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तर अडवू नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शिक्षकाने वळण दाखविताना मुलाच्या समोर बसावे. मुलाला ते आरशातल्याप्रमाणे सहज उमगते. आरंभी काही अक्षरे उलटी पडली तर घाबरू नये. उजव्या हाताने लिहिणारी मुलेही तशी चूक करतात आणि सरावाने ती जाते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. डाव्या हातावर छडी मारणे किंवा त्यावरून मुलाला चारचौघांत हिणवणे यांना म्हणूनच शाळेत थारा नाही. समितीच्या सदस्यांनी पालकसभेत हा विषय आवर्जून काढावा. कारण हाताला रुमाल बांधला जातो तो घरी, आणि तो सोडविण्यास गावातील वडीलधाऱ्यांचा शब्द अधिक उपयोगी पडतो.

त्या मुलीची पाटी तिरपी केली, तिची जागा बदलली आणि पेन्सिल तिच्या डाव्या हातात राहू दिली. काही आठवड्यांनी तिने आपले नाव लिहून दाखविले. अक्षर वेडेवाकडे होते, परंतु हात मांडीखाली नव्हता. आपल्या शाळेत असा एखादा हात दडलेला असेल, तर उद्याच त्याचा शोध घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.