सुकटीचा वास

उन्हाळ्यात अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर गेलात, तर वास तुम्हाला आधी गाठतो, खांदेरी-उंदेरी ही बेटं नंतर दिसतात. वाळूत जवळा पसरलेला, बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगलेले. पाहुणा नाकाला रुमाल लावतो. कोळ्याच्या घरातल्या पोराच्या तोंडाला पाणी सुटतं.

या फरकात जनुकांचाही वाटा असू शकतो. मासळीच्या उग्र वासामागे ट्रायमिथाइलअमाइन हे रसायन असतं. २०२० साली आइसलँडमधल्या ११ हजारांवर लोकांच्या अभ्यासात दिसलं, की ‘टीएएआर ५’ या जनुकात ठरावीक बदल असलेल्यांना हा वास फारसा खुपत नाही. काहींना तर त्यात बटाट्याचा, अगदी गुलाबाचाही भास झाला!

पण माझ्या मते थळमध्ये खरी शिकवण घरचीच. पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या वर ओढतात, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, डबे सुकटीनं, सुक्या मासळीनं भरून ठेवायचे. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खातच पोर वाढतं. चवीची ओळख तर पोटातच सुरू होते. अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी २००१ साली दाखवून दिलं, की गरोदरपणी आईनं गाजराचा रस घेतला, तर पुढे बाळाला गाजराची चव अधिक रुचते.

तेव्हा आयांनो, आज्यांनो, मुलानं नवा पदार्थ पहिल्यांदा बाजूला सारला, तर रागावू नका. घासभरच द्या, पण आठ-दहा वेळा देऊन पाहा.