दोन रुपयांचा सिनेमा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



मागच्या सभेत तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुमचा आवडता हिरो कोण?" हिरो नाही, माझी हिरोईन आहे, स्मिता पाटील. 1986 साली, अवघ्या 31व्या वर्षी ती गेली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिचे सिनेमे मी आईसोबत मोबाईलवर पाहिले.

पहिला 'मंथन'. गावातल्या दूध सोसायटीची गोष्ट. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून हा सिनेमा उभा केला. आपली बचत तरी वेगळी काय आहे? 'मिर्च मसाला'मध्ये कारखान्यातल्या बाया एकजुटीनं सुभेदारावर तिखट उधळतात. त्याच्याही खूप आधीचा, 1937 चा 'कुंकू'. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंनी काय काम केलंय!

पण मनात घर केलं ते 'उंबरठा'नं. सुलभा महिला सुधारगृहातल्या नोकरीसाठी घर सोडते. परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. मी ही नोकरी धरली तेव्हा नातेवाईक म्हणाले, "गावोगाव फिरणाऱ्या पोरीशी लग्न कोण करणार?" आई गप्प होती. त्या रात्री आम्ही दोघींनी 'उंबरठा' पाहिला. सकाळी तिनं माझा डबा भरला आणि म्हणाली, "एसटी चुकवू नको."

पुढच्या सभेनंतर 'मंथन' लावू. सासूबाईंना आणि लेकींनाही घेऊन या.