'वर्ण'चा रकाना आधी आपण खोडू
(रायपूर येथील पालकसभेतील भाषण)



आज आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींबद्दल बोलायचे आहे. मोबाईलवर बघून त्या सिरम मागतात, चेहरा उजळणारी क्रीम मागतात. आपण म्हणतो, अभ्यास सोडून हे कसले नखरे? पण हे तिला शिकवले कोणी?

बाळ जन्मले की पहिला प्रश्न असतो, रंग कोणावर गेलाय? पुढे हळद-बेसनाचा लेप, 'उन्हात खेळू नकोस, काळी पडशील'चा धाक. शाळेत कोणी तिला म्हणते, 'तू त्यांच्यातली वाटत नाहीस.' बोलणाऱ्याला ही स्तुती वाटते. मुलीला मात्र कळते की 'त्यांच्यातली' दिसणे हाच गुन्हा आहे.

चेहऱ्यावरून जात कळते, हे थोतांड आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे मांडले. तरी उन्हात राबणाऱ्याचा रंग हलका आणि सावलीत बसणाऱ्याचा भारी, ही समजूत जातीनेच पोसली.

बाजाराने तिचाच धंदा केला. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा तिचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. शब्द बदलला, मुलीच्या मनातली भीती तशीच राहिली.

ही भीती शरीरालाही महागात पडते. आपल्या कायद्याने त्वचेच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. तरी अकोल्यातील एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीमने इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तीत पारा निघाला. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते. म्हणून बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली डबी घरात आणू नका. पुरळ आले तर मुलीला मेकाहाराच्या त्वचारोग विभागात दाखवा. त्या रुग्णालयाला बाबासाहेबांचेच नाव आहे.

मग मुलींनी नटायचेच नाही का? जरूर नटावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले होते की, अस्पृश्यपणाची ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि ते दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. जी खूण दुसऱ्यांनी लादली ती फेकायची होती. कातडी ही लादलेली खूण नाही, ती आपली आहे. केस विंचरणे, आवडीचा फ्रॉक घालणे हा स्वाभिमान. आरशात स्वतःचाच तिरस्कार करणे ही गुलामी. मुलीला हा फरक प्रेमाने सांगा. हातातली ट्यूब हिसकावून तो कळणार नाही.

गुरू घासीदासांच्या या भूमीत माणसामाणसांत भेद नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यांच्या फॉर्मवर 'वर्ण' हा रकाना कशाला? त्यात 'गोरी', 'गहूवर्णी' आपणच लिहितो, आणि घरातली बारा वर्षांची पोर ते वाचत असते. पुढच्या मेळाव्याचे फॉर्म छापण्याआधी तो रकाना काढायला लावा. मुलीला क्रीम सोड म्हणण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला मिळेल.

जय भीम!