पेलोपोनीजची सहल : सहा दिवस आणि एक जुनी बाकी

(कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात जे राहून गेले ते लिहून काढताना घातले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, ग्रीसवर वीस मिनिटं बोला आणि पडद्यावर फोटो दाखवा." फोटो पेन ड्राइव्हमध्ये आणलेत, पण प्रोजेक्टरची वायर मागच्या गणपतीपासून सापडत नाहीये. मी खजिनदार असताना ती होती, एवढंच नमूद करतो. तेव्हा आज नुसतंच ऐका.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. जावईबापूंना रजा नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही शाळेपासून सिकंदर-सॉक्रेटिस करताय, चला ग्रीसला." अथेन्सला विमानातून उतरून भाड्याची गाडी घेतली आणि सहा दिवसांत पेलोपोनीज हा दक्षिणेकडचा भाग फिरलो. नकाशात बघाल तर हाताच्या पंजासारखा दिसतो, खाली बोटं समुद्रात गेलेली. साधारण अकराशे किलोमीटर झाले. गाडी मुलीनं चालवली, मी शेजारी बसून उजवं-डावं सांगत होतो, आणि सौ. मागे बसून आम्हा दोघांना सांगत होती. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, त्यामुळे पहिले दोन दिवस मी ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबत होतो.

पेलोपोनीजमध्ये शिरताना आधी कॉरिंथचा कालवा लागतो. जेमतेम सहा-सव्वासहा किलोमीटर लांबीचा, पण पुलावरून खाली बघितलं की डोळे फिरतात. काही ठिकाणी कडे ऐंशी मीटरच्या आसपास उभे कापलेत. नीरो बादशहानं हे खणायला घेतलं होतं आणि काम पूर्ण झालं १८९३ साली! मधे पहिल्या कंपनीचं दिवाळं निघालं. बँकवाल्याला अशा गोष्टी लगेच लक्षात राहतात.

किल्ले पुष्कळ पाहिले. सगळ्यांचं वर्णन करत बसत नाही. अ‍ॅक्रोकॉरिंथला एकामागून एक तीन दरवाजे आहेत. बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिसवाले, तुर्क, ज्यानं घेतला त्यानं आपला चिरा लावला. नाफ्प्लिओ गावावरचा पालामिडी किल्ला मात्र सांगण्यासारखा. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये जिवापाड खर्च करून बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतला. वर्षभर तरी उपभोगला की नाही कोण जाणे. आपल्या वसईच्या किल्ल्यात फिरताना जसं वाटतं तसंच तिथे वाटलं; तो चिमाजी अप्पांनी घेतला १७३९ मध्ये, म्हणजे काळही जवळजवळ तोच. गावातून वर जायला ९९९ पायऱ्या आहेत असं लोक सांगतात. मुलगी पायी गेली, मोजल्या आणि म्हणाली, इतक्या नाहीत. आम्ही दोघं मागच्या रस्त्यानं गाडीतून वर गेलो (हो, म्हणजे टॅक्सीनं, गाडी चालवणारी पायऱ्या मोजत होती). वर एक अंधारी कोठडी दाखवतात. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा मोठा सेनानी कोलोकोत्रोनिस, त्याला स्वतंत्र झालेल्या देशानंच राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं आणि १८३४ मध्ये फाशीची शिक्षा फर्मावली. पुढे माफी मिळाली. पण कोठडीच्या दारातून वाकून बाहेर येताना सौ. एवढंच म्हणाली, "आपलीच माणसं."

जवळच मायसिनी. तिथल्या सिंहद्वाराला सव्वातीन हजार वर्षं झाली. 'अत्रियसचा कोषागार' म्हणतात ती प्रत्यक्षात थडग्याची घुमटी आहे. दारावरची एक शिळा सुमारे १२० टनांची. क्रेन नव्हती, कंत्राटदार नव्हता, आणि काम अजून गळत नाही. (टाकीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मी काही बोलत नाही.) एपिडॉरसच्या नाट्यगृहात पंचावन्न रांगा आहेत. मधल्या गोल जागेत नाणं टाकलं तर वरच्या रांगेत ऐकू येतं म्हणतात. मी एक युरो टाकला. सौ.नं वरून हात हलवला. तिनं ऐकलं की पाहिलं, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

जेवणाचं विचारतात सगळे. आम्ही दोघं शाकाहारी. ईस्टरच्या आधीचा त्यांचा मोठा उपवासाचा काळ चालू होता. मुलीनं कुठूनतरी शब्द शोधून काढला, 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं. तो म्हटला की मांस नाही, अंडं नाही, दूध-चीजसुद्धा नाही. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ, रानभाजी उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आमची चैन झाली. तिसऱ्या दिवशी मात्र उपवासाच्या ताटात ऑक्टोपस आला! त्यांच्या उपवासाला तो चालतो. सौ. ताट बघून उठलीच. मी म्हटलं, आपल्याकडे बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, याचा तरी हिशेब कुणी दिलाय?

मोनेमव्हासिया हा समुद्रातला खडक, आत जायला एकच दरवाजा, आत गाडीला मज्जाव. मिस्त्रास हे डोंगरउतारावरचं ओसाड बायझंटाइन शहर, आता वस्ती म्हणाल तर एका मठातल्या जोगिणींची. दोन्ही सुंदर. माझे गुडघे त्यांना कधी विसरणार नाहीत. पण मला आज खरं सांगायचंय ते चौथ्या मुक्कामाचं.

मिस्त्रासहून आम्ही मानी नावाच्या भागात उतरलो, पंजाचं मधलं बोट. उघडे दगडी डोंगर, ऑलिव्हची झाडं, मधूनच लाल पॉपीची फुलं. प्रत्येक जुन्या घराला मनोरा, कारण पूर्वी घराण्या-घराण्यांत पिढीजात वैरं, शेजाऱ्यावर मनोऱ्यातून गोळ्या. (हसू नका, आपल्या पार्किंगच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलेलं आहे.) वळणावळणावर लोखंडी खांबावर छोटी देवळं, आत दिवा. जिथे कुणी अपघातात गेलं किंवा वाचलं, तिथे घरचे बांधतात. मुलगी ते बघून आपोआप सावकाश चालवायला लागली.

ज्या घरी खोली घेतली होती तिथली मालकीण ऐंशीच्या पुढची. तिचा नातू इंग्रजी बोलायचा. संध्याकाळी अंगणात तिनं छोट्या दांड्याच्या भांड्यात कॉफी केली. खाली गाळ राहतो, तो प्यायचा नसतो. नातवामार्फत तिनं विचारलं, तुम्ही काय करत होता? मी सांगितलं, छत्तीस वर्षं बँकेत. म्हातारीनं कप खाली ठेवला.

२०१५ च्या जूनअखेरीस ग्रीसमधल्या बँका तीन आठवडे बंद होत्या, हे मी पेपरात वाचलं होतं. एटीएममधून दिवसाला ६० युरो. हिच्याकडे कार्डच नव्हतं, पासबुक होतं, आपल्यासारखंच. अशा पेन्शनरांसाठी काही शाखा उघडल्या. आडनावाच्या अक्षराप्रमाणे वार ठरवले आणि एकेकाला १२० युरो दिले. ही बस पकडून गावाला गेली, उन्हात उभी राहिली. पैसे देणारा कारकून तिच्या नवऱ्याच्या मित्राचा मुलगा, लहानपणी हिच्या घरी जेवलेला. नातू भाषांतर करत होता, त्याचंही अडखळायला लागलं. ती म्हणाली, "पैसे काय, पुढे मिळाले. पण त्यानं मान वर केली नाही. आणि त्या दिवसापासून तो आमच्या वाटेनं येत नाही. आला असता तर मी कॉफी दिली असती."

मला त्यावर काही बोलता येईना. सौ.नं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आपल्याच एका शेजाऱ्यांनी, नाव घेत नाही, त्यांना विचारून बोलतोय, निवृत्तीचे नऊ लाख एका सहकारी बँकेत ठेवले होते. ठेवण्याआधी ते मला विचारायला आले. इतरांपेक्षा एक टक्का व्याज जास्त होतं. मी म्हटलं, "ठेवा की, काही होत नाही." ताळेबंद मी पाहिला नव्हता. माझी स्वतःची एक पैसुद्धा तिथे नव्हती, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढे त्या बँकेवर निर्बंध आले. ठेवींचा विमा एक लाखाचा होता, तो फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला म्हणून पुढे पाच तरी हातात आले. चार लाख अडकले. त्या सगळ्या काळात मी काय केलं? ते लिफ्टसमोर उभे दिसले की मी जिन्यानं जायचो. गुडघे दुखत असताना चौथ्या मजल्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीत फारसं कुणी बोललं नाही. दुपारी पायलोसजवळ नेस्टर राजाच्या वाड्याचे अवशेष पाहिले. वर छप्पर घातलंय, खाली कमरेइतक्या भिंती. लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. मी तासभर रमलो, कारण तिथे हिशेबाची खोली आहे. १९३९ मध्ये ब्लेगन या अमेरिकन संशोधकाला तिथे मातीच्या पाट्या सापडल्या. ती लिपी १९५२ मध्ये व्हेंट्रिस नावाच्या एका आर्किटेक्टनं उलगडली.  निघाल्या खतावण्या! मेंढ्या किती, तेल किती, कामकरी बायकांना धान्य आणि अंजीर किती, कुठल्या लोहाराला कांसं दिलं, कुणाला दिलं नाही. आणि मिळालं किती याच्या शेजारी येणं बाकी किती, त्याला वेगळा शब्द. पाट्या कच्च्या मातीच्या. कायम ठेवायच्या असत्या तर भाजल्या असत्या. पण इसवीसनापूर्वी १२०० च्या सुमारास वाडा जळाला आणि त्या आगीत पाट्या पक्क्या भाजल्या. राजा गेला, वाडा गेला, येणं-देणं राहिलं. ज्याची बाकी तिथे लिहिलीय तो माणूस तीन हजार वर्षं थकबाकीदार. मी तिथल्या कट्ट्यावर बसून राहिलो, शेवटी रखवालदारानं घड्याळ दाखवलं.

ऑलिंपियाला शेवटचा दिवस. स्टेडियमची धाव सुमारे १९२ मीटरची, दगडी आरंभरेषा अजून जागेवर आहे. तिच्यावर पाय ठेवून मी चालत पलीकडे गेलो. मुलीनं वेळ लावली, ती सांगत नाही. पण स्टेडियमकडे जाताना डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची एक रांग आहे, पुतळे नाहीत, नुसते चौथरे. खेळात लबाडी करणाऱ्याला दंड करायचे आणि त्या पैशातून झ्यूस देवाचा काशाचा पुतळा उभारायचे. इसवीसनापूर्वी ३८८ मध्ये एका मुष्टियोद्ध्यानं प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली, त्या प्रकरणाच्या दंडातून सहा पुतळे झाले. खेळाडूंना मैदानात जाताना त्यांच्यासमोरूनच जावं लागे. सौ. म्हणाली, "हे तुमच्या जिन्यात लावायला हवेत."

परत आल्यावर आठवडाभर मी जेट लॅगचं कारण सांगितलं. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या दाराची बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "त्या वेळी मी न बघता सांगितलं होतं. माझे पैसे तिथे नव्हते, हेही सांगितलं नव्हतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मला माहीत होतं. तुम्ही जिन्यानं जायचात ना, तेव्हा कळलं." वहिनी बाहेर आल्या नाहीत. चहा मात्र आला.

त्यानंतर त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढली. बँकेचे जुने पावत्यांचे कागद, अर्ज, पोचा, सगळं उलटसुलट लागलेलं. मी चष्मा पुसला आणि तारीखवार लावायला बसलो. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बसतो. उरलेल्या चार लाखांतलं अजून काही आलेलं नाही. पत्रांचे मसुदे माझे, सह्या त्यांच्या, आणि पोस्टाचे पैसे मी देतो, त्यावर दर वेळी आमचं भांडण होतं. मागच्या शनिवारी त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "ते ग्रीस-बिस कसं काय होतं हो?"

दूध आटलंय असं स्वयंपाकघरातून सांगतायत, तेव्हा मी थांबतो. ज्यांना जायचंय त्यांनी एप्रिलमध्ये जावं, संत्र्याच्या बागा फुललेल्या असतात. गुडघ्यांना पट्टा आणि पायात चांगली पकड असलेले बूट हवेत, तिथला संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय. आणि प्रोजेक्टरची वायर कुणाच्या घरी असेल तर आणून द्यावी.