रूढी चालवणारे हात



समाजाचा अभ्यास करणाऱ्यांना कोल्हापूर परके वाटू नये, असा या गावाचा इतिहास आहे. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम १९०२ साली याच दरबारातून निघाला. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय १९१७ मध्ये इथे झाला, आणि पुढच्याच वर्षी छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या हद्दीतली महार वतने रद्द केली. या तीन निर्णयांपैकी तिसऱ्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. मी आज जे मांडणार आहे त्याला मात्र तोच सर्वांत जवळचा आहे.

पदवीच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडले की समाज, संस्कृती आणि सामाजिक परिवर्तन ही प्रकरणे एकामागून एक येतात. संस्कृतीच्या प्रकरणात टायलरची १८७१ची व्याख्या असते. परिवर्तनाच्या प्रकरणात ऑगबर्नने १९२२ मध्ये मांडलेली सांस्कृतिक पिछाडीची कल्पना असते: साधने आणि यंत्रे पुढे निघून जातात, चालीरीती मागे रेंगाळतात, आणि मधल्या अंतरातून ताण निर्माण होतो. हे वाचून विद्यार्थ्याच्या मनात एक चित्र पक्के बसते. संस्कृती म्हणजे लोकांच्या डोक्यातल्या समजुती, समजुती जुन्या म्हणून रूढी टिकून आहे, शिक्षण वाढले आणि चार दशके गेली की ती आपोआप गळून पडेल. हे चित्र अपुरे आहे असे माझे मत आहे. रूढी डोक्यात असतेच, पण त्याहून अधिक ती कामांच्या वाटणीत असते. ती पाळायला माणसे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले एकेक काम आलेले असते. ते काम करणाराच नकार देतो, किंवा ज्या व्यक्तीवर ते लादले जाते तिला उभे राहायला दुसरी जागा मिळते, तेव्हा रूढी हलते. विधवांच्या वाट्याला आलेल्या रूढींवर महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे वाद, कायदे, संप आणि ठराव झाले आहेत. एवढा सलग पुरावा दुसऱ्या कोणत्या रूढीचा क्वचितच मिळेल, म्हणून तेच उदाहरण घेतो.

नवरा गेलेल्या बाईचे केस उतरवायला न्हावी लागत असे. आलवण नेसवायला कोणी तरी पुढे होत असे. बांगड्या फोडायला आणि कुंकू पुसायला आजही घरातल्या किंवा भावकीतल्या बायकाच येतात, त्यांतल्या कित्येकींवर तो प्रसंग आधी येऊन गेलेला असतो. पुढे वर्षानुवर्षे हळदीकुंकवाचे बोलावणे न पाठवणारी यजमानीण असते आणि ओटी भरताना सवाष्णच हवी असे सांगणारी आजी असते. यांपैकी कोणाच्या मनात दुष्टावा असावा लागत नाही. राल्फ लिंटनने १९३६ मध्ये दर्जा आणि भूमिका यांची जोडी मांडली. समाजातली जागा म्हणजे दर्जा आणि त्या जागेवरून करायचे काम म्हणजे भूमिका. विधवा हा दर्जा नवऱ्याच्या मृत्यूने लागतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो लागू व्हायला निदान चार-पाच माणसांनी आपापली भूमिका बजावावी लागते. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. त्याआधीची किमान दोन दशके पुनर्विवाहाला शास्त्राचा आधार आहे की नाही यावर विष्णुशास्त्री पंडितांसारखे सुधारक धर्मपंडितांशी झुंजत होते. त्या झुंजीचे मोल मोठेच आहे. पण न्हाव्यांनी शास्त्रार्थाला हात न घालता आपल्या वाट्याचे काम थांबवले, आणि ते कोणाचे काम आहे हे सगळ्या शहराला दिसले. आपल्या पुस्तकांत हा संप समाजसुधारणेच्या इतिहासात एका ओळीत उरकला जातो. तो समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवावा इतका मोलाचा आहे.

यावर रास्त प्रश्न येतो की संपाने केशवपन बंद पडले का? पडले नाही. ते पुढेही काही दशके चालू राहिले, आणि का राहिले हे समजून घेतल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. एकाने नाकारलेले काम दुसरा करू शकतो. शिवाय केस राखलेली विधवा त्याच घरात, त्याच माजघरात, त्याच माणसांच्या अन्नावर राहणार असेल तर नकार फार काळ टिकत नाही. तिला दुसरी जागा लागते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते या अर्थाने पाहावे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि मुरूडच्या आपल्या गावकऱ्यांचा बहिष्कार ओढवून घेतला. कर्व्यांचा पुढचा प्रवास विशेष बोलका आहे. त्यांनी आधी पुनर्विवाहाला चालना देणारी मंडळी काढली, पण १८९६ मध्ये ते आश्रमाकडे, म्हणजे विधवांच्या शिक्षणाकडे आणि त्यांच्या स्वतंत्र निवाऱ्याकडे वळले. हिंगण्याची संस्था त्यातून उभी राहिली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. बाईने पुन्हा लग्न करावे की करू नये हा प्रश्न तिच्या हाती यायचा तर आधी तिच्या हाती दुसरे काही तरी असावे लागते, हे त्या माणसाने कामातून ओळखले होते.

कायद्याविषयीही इथे बोलले पाहिजे, कारण परिवर्तन म्हणजे कायदा असे समजणारे आणि कायद्याने काही होत नाही असे समजणारे, दोघेही आपल्यात आहेत. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. त्याने पुनर्विवाह वैध ठरवला, मात्र पुन्हा लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल असेही त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिले. गावोगावच्या शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची, मोहतूर करण्याची रीत जुनीच होती. त्या बायकांना पुनर्विवाहासाठी या कायद्याची गरज नव्हती, तरी मिळकतीचे कलम त्यांनाही लागू धरण्याची भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. एकाच कायद्याने एका थरातल्या बाईला वाट उघडली आणि दुसऱ्या थरातल्या बाईचा हक्क धोक्यात आणला. पूर्ण मालकीचा वारसाहक्क यायला १९५६ उजाडले आणि मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. म्हणून कायद्याचे मोजमाप करताना त्याने कोणती रूढी मोडली एवढेच विचारू नये. त्याने कोणाला जागा दिली आणि कोणाची काढून घेतली हेही विचारावे.

पाटाचा उल्लेख आला म्हणून एक आक्षेप इथेच घेतो. विधवेचे विरक्त जगणे ही आपली संस्कृती आहे, तिला हात लावू नये, असे म्हटले जाते. कोणाची संस्कृती? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत विधवेने पुन्हा घर मांडण्याला मान्यता होती. सक्तीचे वैधव्य वरच्या थरात होते आणि तिथून ते प्रतिष्ठेची खूण म्हणून खाली पसरले. काही जातींनी आपला पाट सोडला तो वर सरकण्यासाठी. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्ग लोकांवरच्या ग्रंथात संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली, ती आपण सगळे शिकवतो. पण त्याच्या ३६ वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने आहेत, आणि वरच्या वर्गाने दार बंद केल्यावर बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांनी त्यात दाखवले. तो निबंध प्रथम वर्षाच्या वर्गात संस्कृतीकरणाच्या आधी शिकवला जावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कुंकू पुसणे ही एक वाईट चाल आहे असे म्हणून आपण थांबतो तेव्हा त्या चालीमागची विवाहाची कुंपणे आपल्या नजरेतून सुटतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. शिक्षण आणि समृद्धी आली की हे सारे मागे पडेल, घाई कशाला? त्याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुका ऊस, नदीकाठची सुपीक जमीन, सहकार आणि शाळा या सगळ्यांत संपन्न आहे. त्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. नवऱ्याच्या अंत्यविधीवेळी बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे थांबवावे, तिला समारंभांतून वगळू नये, असे त्यात म्हटले होते. १८५६ नंतर १६६ वर्षांनी, शाहू महाराजांच्या संस्थानी मुलखाच्या इतक्या जवळ, कोरोनाने कमी वयाच्या अनेक बायकांचे नवरे नेल्यानंतर हा ठराव आला. काळ आपले काम करीत असता तर त्याची गरजच पडली नसती.

या ठरावाला शिक्षेचे बळ नाही, तो कागदावरचा आहे, अशी टीका झाली. पण त्याने काय साधले ते माझ्या मांडणीतून वेगळे दिसते. बांगड्या फोडायला पुढे होणारी चुलत सासू स्वतःच्या हौसेने पुढे होत नाही. गाव काय म्हणेल ही तिची धास्ती असते. डर्काइमने सामाजिक तथ्याचा जो बाह्य दाब सांगितला, तो आपल्याकडे बहुतेक वेळा ‘गाव’ या एका शब्दात असतो. हेरवाडला खुद्द गावानेच आपली मागणी जाहीरपणे मागे घेतली. आता त्या बाईला हात मागे घ्यायला सबब मिळाली, आणि विधवा सुनेला तसाच आधार. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्यास सांगितले, ते योग्यच झाले. मात्र ठरावाच्या पाठोपाठ त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लागले का, घरात तिची बाजू घेणारे कोणी आहे का, हे पाहिले नाही तर १८९० च्या संपाचीच गत होईल.

महार वतनाचा उल्लेख मी सुरुवातीला केला तो याच कारणाने. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांव-गाडा’त गावकीची कामे आणि हक्क यांची जी गुंफण आहे ती वाचली की अस्पृश्यता केवळ मनातल्या तिरस्कारावर उभी नव्हती हे ध्यानात येते. मेलेले जनावर ओढणे, सांगावे पोचवणे ही कामे वतनाने बांधलेली होती. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांची कामे सोडण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले. हात मोकळे करणे आणि जागा मिळवून देणे ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने चालवली. मुंबई राज्यातली ती कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल लागले.

या परिषदेत समाज, संस्कृती आणि परिवर्तन यांवर अनेक निबंध वाचले जातील. प्रत्येक निबंधकाराला माझी एकच विनंती आहे. ज्या रूढीबद्दल आपण बोलाल ती कोण चालवतो, त्याच्या वाट्याला ते काम कसे आले आणि त्याने नकार दिला तर तो कुठे जाईल, हे नावानिशी नसले तरी भूमिकेनिशी सांगावे. विद्यार्थ्यांनी हेरवाडला आणि असा ठराव केलेल्या इतर गावांना जावे, ठरावानंतर ज्या घरांत मृत्यू झाला तिथल्या बायकांशी त्यांच्या सोयीने बोलावे आणि काय बदलले, काय नाही, ते मराठीत लिहावे. त्या कामासाठी लागेल ती मदत करायला इथली स्वागत समिती परिषद संपल्यावरही तयार राहील.