कोसोनोम म्हणायला शिकताना
(भंडारदरा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चौघींनी तरी विचारलं, "तू म्हणे हंगेरियन शिकलीस?" शिकले म्हणजे चाळीसेक शब्द. ते कामाला कसे आले, तेवढं सांगते.

हंगेरीतलं सर्वांत उंच शिखर केकेश, १०१४ मीटर. आपली कळसूबाई १६४६. तेव्हा डोंगर बघायला मी गेले नव्हते. लेक देब्रेत्सेनला शिकते, तिच्याकडे गेले होते. ती म्हणाली, "आई, सगळीकडे इंग्रजी चालेल असं समजू नकोस." मग वही केली आणि पाढ्यांसारखं पाठांतर सुरू केलं.

उच्चार आपल्याला फार जड नाहीत. चुलीचा च आणि चहाचा च त्यांच्याकडेही वेगळे आहेत. साखरेला ते ‘त्सुकोर’ म्हणतात, तो चुलीचा च. हा शब्द मुळात आपल्या ‘शर्करे’चाच, अरबी आणि इटालियनमधून फिरत तिकडे पोचलेला. प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्यांनी तो विसरू नये! आपण ‘घर’चं ‘घरात’ करतो, ते ‘हाझ’चं ‘हाझबॉन’ करतात. आडनाव आधी, नाव नंतर. थेट आपल्या हजेरीपटासारखं. शंभराला साझ, मधाला मेझ, सोन्याला ऑरॉन्य. त्यांची भाषा आपल्या कुळातली नाही, पण हे शब्द फार जुन्या काळी आपल्या कुळातून उसने गेलेले. बाईंनी संस्कृतच्या तासाला घोकून घेतलेले शत, मधु, हिरण्य मला असे परक्या मुलखात भेटले.

आता खरी परीक्षा. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी लेकीला सणसणून ताप भरला. फोनची बॅटरी संपलेली. मी एकटीच खाली उतरले. रस्त्यात एक आजीबाई दिसल्या. "बोचानॉत," म्हणजे माफ करा, म्हटलं आणि पाठ केलेलं वाक्य टाकलं, "होल वॉन ऑ पॉतिकॉ?" औषधाचं दुकान कुठे आहे? वाक्य इतकं बरोबर आलं, की आजीबाईंना वाटलं हिला भाषा येते. त्यांनी भराभर सगळा रस्ता सांगितला. मला एक अक्षर कळलं नाही! प्रश्न पाठ केला होता, उत्तर कुठे पाठ केलं होतं? डोळ्यांत पाणीच आलं. मी एवढंच म्हणाले, "लाझ." ताप. आणि हाताने लेकीची उंची दाखवली.

आजीबाईंनी माझा हात धरला आणि दुकानापर्यंत चालत आल्या. वळणावर हाताने दाखवत सांगायच्या, "योब्ब्रॉ," उजवीकडे. "बॉल्रॉ," डावीकडे. "एद्येनेशेन," सरळ. ते तीन शब्द आता जन्मात विसरणार नाही. तुम्ही कुठेही जा, प्रश्नाबरोबर उत्तराचेही शब्द शिकून जा.

औषध मिळालं. मी म्हटलं, "कोसोनोम." आभारी आहे. त्या म्हणाल्या, "सीवेशेन." लेकीनं नंतर सांगितलं, ‘सीव’ म्हणजे हृदय. म्हणजे आपलं ‘मनापासून’.

शाळा सोडताना आपण गुरुजनांच्या पाया पडलो, पण आभाराचा शब्द काही तोंडातून निघाला नव्हता. चाळीस वर्षं उशिरा आणि तोही परक्या भाषेत म्हणते. कोसोनोम, सर. कोसोनोम, बाई.