आजोबांची फोर्ड कुंझुमच्या खिंडीत
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

जुनी मोटार म्हटली की आपल्याला काय आठवते? रविवारची सकाळ, फेटे बांधलेली मंडळी, लखलखणारे दिवे, आणि कौतुकाने बघणारी रस्त्याच्या कडेची गर्दी. चार-पाच किलोमीटर चालली की मोटार पुन्हा ट्रकवर चढते आणि वर्षभर कापडाखाली झोपते. त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. पण मी आज सांगणार आहे ती गोष्ट वेगळी आहे. अशीच एक मोटार घेऊन मी आणि माझा मेहुणा २०१२च्या सप्टेंबरात पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला गेलो आणि परत आलो. सत्तावीस दिवस, सुमारे साडेचार हजार किलोमीटर. त्यासाठी मोटारीत काही फेरफार केले. त्या फेरफारांवरून घरात जे रामायण झाले, त्याचीही ही गोष्ट आहे.

मोटार १९३० सालची, फोर्ड मॉडेल ए. फोर्ड कंपनीने १९२७च्या अखेरीपासून १९३१पर्यंत या मॉडेलच्या ४८ लाखांवर गाड्या काढल्या, तेव्हा ती काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती, तीन गिअर. माझ्या आजोबांनी ती १९३८ साली सेकंडहँड घेतली. त्यांच्यामागे वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ती पोटच्या पोराप्रमाणे सांभाळली. अण्णांचा नियम एकच. गाडीला जे लागेल ते जुन्या पद्धतीचेच लागेल. नवा भाग लावायचा नाही. नाही मिळाला जुना, तर गाडी उभी राहील.

हा नियम मी मोडला, त्याला कारण झाले. खंबाटकी घाट चढून आम्ही वाईच्या बाजूला उतरत होतो. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला. मॉडेल एचे ब्रेक सळ्यांचे असतात. पायाचा जोर सळ्यांवाटे चाकांपर्यंत जातो, तेल वगैरे काही नाही. ते नीट जुळवलेले असले तर आपल्या काळापुरते चांगले आहेत. पण त्यांचा काळ म्हणजे रस्त्यावर दहा गाड्या असण्याचा. मी दोन्ही पायांनी पेडल दाबले, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा ट्रकची मागची फळी आणि आमचा रेडिएटर यांच्यात एक वीत अंतर होते. त्या रात्री मी ठरवले, ही गाडी चालवायची तर ऑइल ब्रेक लावायचे, नाहीतर चालवायची नाही.

अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “मग चालवू नकोस.” मी म्हटले, “अण्णा, आजोबा ही गाडी घेऊन कोकणात, कर्नाटकात कुठे कुठे जात होते. ती उभी ठेवायला घेतली होती का त्यांनी?” अण्णांनी वर्तमानपत्र उघडले. आमच्या घरात याचा अर्थ चर्चा संपली असा होतो. पुढे आठ महिने त्यांनी गॅरेजात पाऊल टाकले नाही.

आमचे मिस्त्री, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी मात्र मधला मार्ग काढला. ते म्हणाले, “साहेब, काय लावायचे ते लावू, पण वेल्डिंग नाही आणि चॅसीला भोक नाही. जे बसेल ते नटबोल्टवर बसेल. उद्या अण्णासाहेबांच्या मनात आले तर एका आठवड्यात गाडी होती तशी करून देतो.” हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

काय काय केले, ते थोडक्यात सांगतो. चारही चाकांना ऑइल ब्रेक. सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, कारण जुन्या दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसत नाही, दिवेच दिसतात. रेडिएटरला जास्त नळ्यांचे नवे कोअर. मॉडेल एला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे असतात; त्यांत एकेक पान वाढवले. इंजिनाच्या खाली जाड पत्रा. आणि डेल्कोमध्ये पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची एक छोटी काळी डबी. पॉइंट घासायला नकोत, गॅप लावायला नको, एकदा बसवली की विसरून जा असे विकणाऱ्याने सांगितले होते. ही डबी लक्षात ठेवा.

आता कुणी म्हणेल, असल्या गाडीने असल्या रस्त्याला जायचा हट्ट कशाला? पण मोटारीचा इतिहासच मुळी अशा हट्टापासून सुरू होतो. १९०७च्या जानेवारीत पॅरिसच्या ‘ल माताँ’ या वर्तमानपत्राने विचारले, या उन्हाळ्यात पेकिंग ते पॅरिस मोटारीने जायला कोणी तयार आहे काय? १० जूनला पेकिंगहून पाच गाड्या निघाल्या. त्यांतली एक तीनचाकी गोबीच्या वाळवंटात अडकली, तिला सोडून द्यावे लागले. पहिली आली ती इटलीच्या प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांची इटाला, १० ऑगस्टला. बाकीच्या तीन गाड्या पॅरिसला पोचायला आणखी जवळजवळ तीन आठवडे लागले.

बोर्गेझेंबरोबर त्यांचे मेकॅनिक एत्तोरे गुइझार्दी आणि पत्रकार लुइजी बार्झिनी होते. बार्झिनींनी या प्रवासावर पुस्तक लिहिले. चीनच्या डोंगरांत गाड्या मजुरांनी आणि खेचरांनी दोर लावून ओढल्या. पेट्रोल आधीच उंटांच्या तांड्यांवरून पुढे पाठवलेले. बोर्गेझे असे दूरदर्शी, की त्यांनी गाडीचे मडगार्ड म्हणून लोखंडी फळ्याच लावल्या होत्या. खड्डा किंवा चर आला की त्या काढायच्या, पूल म्हणून टाकायच्या आणि गाडी पुढे काढायची. सायबेरियात एक जुना लाकडी पूल मोडून गाडी खाली गेली, तरी माणसे वाचली आणि गाडीही. पुढे उरल पर्वताच्या भागात एक चाक खिळखिळे होऊन मोडायला आले. नवे चाक तिथे कुठून मिळणार? एका रशियन गाडी बनवणाऱ्या सुताराने नुसत्या कुऱ्हाडीने लाकूड तासून नवे चाक करून दिले, आणि त्या चाकावर गाडी पुढे गेली. ती इटाला आज तुरिनच्या मोटार संग्रहालयात आहे. कुऱ्हाडीचे चाक लावले म्हणून ती खरी इटाला राहिली नाही, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच वाटेची आठवण म्हणून १९९७ साली पुन्हा बीजिंग ते पॅरिस अशी जुन्या गाड्यांची रॅली झाली. ती तिबेट, नेपाळमार्गे आपल्या देशातूनही गेली, आणि पहिला नंबर आला १९४२ सालच्या जीपचा. त्यानंतर २००७पासून ही रॅली अनेकदा झाली. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२४ साली, ती रशिया टाळून कझाकस्तान आणि कॅस्पियन समुद्रावरून गेली. अशा रॅलींत शंभर वर्षांच्या गाड्याही असतात. त्यांचे पाटे, शॉकअब, रेडिएटर, टाक्या सगळे मजबूत केलेले असते. खडकाळ रस्त्यावर गाडीचे इंजिन सहसा मरत नाही. मरतात पाटे, चॅसीचे सांधे, रेडिएटरच्या नळ्या. तास न् तास बसणारा थरकाप हा तिथला खरा शत्रू.

त्याचा अनुभव आम्हाला किन्नौरमध्ये आला. शिमला, नारकंडा, रामपूरपर्यंत ठीक. पुढे रिकाँगपिओ सोडले आणि रस्ता म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेला खाच. नाकोजवळच्या मलिंग नाल्यापाशी वरून दगड येत असतात. तिथे मेहुण्याने खाली उतरून वर नजर ठेवायची आणि त्याने हात केला की मी गाडी काढायची, असे आम्ही केले. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की आधी चहा नाही, आधी पाने. प्रत्येक नट हाताने तपासायचा. एकाही दिवशी असे झाले नाही की सगळे नट घट्ट निघाले.

ताबोचा मठ इसवी सन ९९६चा. त्याच्या मातीच्या भिंतींना टेकून आमची ऐंशी-ब्याऐंशी वर्षांची गाडी उभी होती, तेव्हा मेहुणा म्हणाला, “भाऊजी, इथे ही शोरूममधून काढल्यासारखी दिसते.”

काझाला पेट्रोल भरले, दोन कॅन जादा घेतले. पुढे मनालीपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पंप नाही. लोसार सोडले की कुंझुमचा चढ. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. म्हणजे चाळीस घोड्यांचे चोवीस-पंचवीसच उरतात. पाणीही पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे रेडिएटर लवकर तापतो. पण मॉडेल ए अशा ठिकाणी शहाणी ठरते. पेट्रोल किती जावे हे तिच्यात बसल्या जागेवरून एक मूठ फिरवून कमी-जास्त करता येते. स्टिअरिंगपाशी एक दांडी असते, तिने ठिणगी आधी पडावी की उशिरा हे ठरवता येते. नव्या गाडीत हे सगळे संगणक करतो. इथे ते कान करतात.

खिंड चार-पाच किलोमीटरवर असताना इंजिन थांबले. खोकणे नाही, आचके नाही, दिवा मालवावा तसे थांबले. दुपारचे दोन. वारा असा की बॉनेट धरून ठेवावे लागत होते. पेट्रोल येत होते. ठिणगी नव्हती. कॉइलपर्यंत वीज होती, पुढे नाही. म्हणजे ती काळी डबी. तिला उघडता येत नाही, घासता येत नाही, तिच्याशी बोलता येत नाही. ती मेली की मेली. मोबाइलला रेंज नाही. तासाभरात एकही गाडी आली नाही.

पुढे नाले होते, तेही मनात होते. बर्फ वितळून दुपारनंतर त्यांचे पाणी वाढते, म्हणून ते सकाळी ओलांडायचे असतात. आणि रात्र तिथेच काढायची तर थंडी. मेहुण्याने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. खरे सांगतो, त्या वेळी मला खूप अपराधी वाटले. घरी त्याची म्हातारी आई होती, माझी बायको-मुलगी होती.

तेवढ्यात आजोबांची पेटी आठवली. ती आम्ही बरोबर आणली नव्हती; पण निघायच्या आदल्या रात्री हत्यारांच्या डब्यात एक कागदी पुडके मला दिसले होते. उस्तादांनी ठेवले असेल म्हणून उघडले नव्हते. आता उघडले. आत जुने पॉइंट, कंडेन्सर, त्यांची पट्टी आणि पॉइंट घासायची छोटी कानस. कागदावरचे अक्षर अण्णांचे होते: “गॅप वीस हजारांश. घाई करू नये.”

थंडीने बोटे चालत नव्हती. मेहुण्याने हातांवर श्वास सोडून ती उबवली, मी डबी काढून पट्टी बसवली, पॉइंट घासले, गॅप लावली. दीड तास गेला. मग हँडल. मॉडेल एला हँडल मारताना ठिणगीची दांडी पूर्ण वर, म्हणजे उशिरावर ठेवायची, नाहीतर हँडल उलटे फिरते आणि मनगट मोडते. चौथ्या फेरीला इंजिन बोलले.

कुंझुमच्या देवीला गाडीने प्रदक्षिणा घालायची तिथे रीत आहे. आम्ही घातली. पुढचे नाले ओलांडायची घाई न करता त्या रात्री बातलच्या ढाब्यात झोपलो. दोन दिवसांनी रोहतांग उतरताना मात्र त्याच गाडीचे नवे ऑइल ब्रेक कामी आले. जवळजवळ दोन हजार मीटरचा उतार, पुढे-मागे ट्रक. खंबाटकीची आठवण येत होती, पण पायाखाली ब्रेक होता.

घरी आल्यावर अण्णांना नमस्कार केला आणि पुडक्याबद्दल विचारले. ते म्हणाले, “तुझ्या ब्रेकला माझा विरोध होता. तुझ्या परत येण्याला नव्हता.” मग ते गॅरेजात गेले, गाडीत बसले, ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून पाहिले. “मऊ आहे,” एवढेच म्हणाले. माझ्या मते ती पसंती होती.

अण्णा आज नाहीत. मध्यंतरी एक नवा प्रश्न उभा राहिला. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते. पण ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच. जुन्या गाड्या भंगारात जाऊ नयेत म्हणून हा नियम चांगलाच आहे. माझ्याच मनाचा निकाल लागत नाही. उस्तादांच्या नियमामुळे गाडी आठवड्यात मूळ रूपात आणता येईल. पट्टी मिळाली तर मान मिळेल, पण आजोबांसारखे मनात आले की निघायचे, हे जाईल. तूर्त मी जुनाच नंबर ठेवला आहे आणि मुदत आली की तपासणी करून नोंदणी पुढे वाढवून घेतो.

मुलगी आता मोठी झाली, गाडी चालवते. तिला मी ऑइल ब्रेक तसेच ठेवायला सांगितले आहे. काळी डबी परत लावली नाही. पॉइंटची एक जादा जोडी मात्र हत्यारांच्या डब्यात असते, त्याच कागदात.